उभे राहण्यापुरती जागा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराच्या गच्चीवर खडूने आखलेला, अकरा फूट लांब आणि सहा फूट रुंद असा एक आयत जवळजवळ दोन महिने होता. त्यावर धुणे वाळत घालायचे नाही असा माझा दंडक होता आणि तो घरात कोणीही पाळत नव्हते. शेजारच्या मुलांनी त्यात लंगडीचा डाव मांडला. माझ्या दृष्टीने मात्र ते घर होते. मोटारीमागे जोडून न्यायचे, दोघांपुरते, शक्य तितके आपल्या हातांनी बांधायचे आणि ज्यात माणसाला ताठ उभे राहता येईल असे घर!

'उभे राहता येईल' या अटीवर प्रथम दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण घरी बांधण्याजोगे जे छोटे प्रवासी ट्रेलर जगभर लोकप्रिय आहेत, त्यांपैकी पुष्कळांत ती सोय नसते. अमेरिकेत १९३० च्या दशकात अश्रूच्या थेंबाच्या आकाराचे चिमुकले ट्रेलर निघाले. आत केवळ एक बिछाना, मागे झाकण उघडले की शेगडी आणि ओटा. स्वयंपाक बाहेर उभे राहून करायचा आणि झोपायच्या वेळी आत सरपटत शिरायचे. वजनाने हलका, वाऱ्याला कमी अडवणारा आणि दिसायला अत्यंत देखणा असा तो प्रकार आहे. मी त्याच्या प्रेमातच पडलो होतो. माझ्या वहीतील पहिला आराखडा हुबेहूब तसाच होता. तो मी मोठ्या उत्साहाने सौभाग्यवतींपुढे ठेवला. तिने चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "अहो, यात मी शिरायचे कसे?"

हा प्रश्न माझ्याकडून सुटावा याची मला आजही लाज वाटते. बेळगावात बत्तीस वर्षे व्यवसाय करताना गुडघेदुखीच्या रुग्णांना मी रोज एकच पाठ म्हणून दाखवीत आलो: मांडी घालून बसू नका, उकिडवे बसू नका, बैठक उंच ठेवा, जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी. माझ्याच घरात मात्र गेली चार वर्षे पत्नीने प्रवास जवळजवळ सोडून दिला होता. डोंगर चढण्याचा तिचा हट्ट कधीच नव्हता. मुक्कामाच्या ठिकाणी उंच पायऱ्या, ओली न्हाणीघरे आणि जमिनीलगतची शौचकुपे यांची तिला धास्ती वाटे. आंबोली, दांडेली, गोवा, जेथे जेथे आम्ही पूर्वी सहज उठून जात असू, तेथे जायचा विषय निघाला की ती म्हणे, "तुम्ही मंडळी जाऊन या. मी घरी बरी आहे." या वाक्याची मला सवय होऊ लागली होती, हे अधिक वाईट.

मग वही बाजूला ठेवली आणि गच्चीवर पूर्ण मापाचा आराखडा आखला. कागदावर एक इंच म्हणजे एक फूट असे प्रमाण धरले की मनुष्य स्वतःलाही बारा पटींनी लहान समजू लागतो. खडूच्या रेघांत ती सोय नाही. दवाखान्यात साठलेले औषधांचे रिकामे खोके वर नेले, त्यांचे ओटे आणि खाटा रचल्या आणि आम्ही दोघे त्या भिंती नसलेल्या खोलीत वावरू लागलो. सकाळचा चहा तेथे घ्यायचा, भाजी तेथे चिरायची, रात्री उठून पाणी प्यायचे आहे असे समजून अंधारात उठायचे. ज्यांना असे काही बांधावयाचे असेल त्यांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की करवतीला हात लावण्यापूर्वी निदान पंधरा दिवस खडूच्या घरात राहावे.

सर्वांत पहिला निर्णय पायरीने केला. अशा ट्रेलरची खोली चाकांच्या वर बसवता येते किंवा दोन चाकांच्या मध्ये खाली उतरवता येते. वर बसवली तर आतील जमीन सपाट आणि मोकळी मिळते. पण ती रस्त्यापासून जवळजवळ दोन फूट उंच जाते. खाली उतरवली तर जमीन पंधरा इंचांवर येते. मात्र दोन्ही चाकांवरील पेट्या खोलीत घुसतात. सपाट जमिनीच्या मोहाने मी पहिला पर्याय धरून बसलो होतो. गच्चीवर दोन फूट उंचीचा खोका ठेवला तेव्हा वाद संपला. पंधरा इंचांना मध्ये एक सुटी पायरी ठेवली की साडेसात-साडेसात इंचांचे दोन टप्पे होतात आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दांडा असला की तिला ते जमते. शिवाय आत सहा फूट तीन इंच उंची ठेवूनही एकंदर उंची आटोक्यात राहिली. खोली जितकी उंच तितका तिचा गुरुत्वमध्य वर आणि वाऱ्याचा विरोध जास्त. त्यामुळे ताठ उभे राहण्याची किंमत मोजावी लागते, ती खालून वसूल करता आली.

चाकांवरच्या पेट्या आता लपवायच्या कशा? येथे खाटांचा प्रश्न येऊन मिळाला. मूळ योजनेत मागच्या टोकाला आडवा दुहेरी बिछाना होता. जागा वाचत होती. पण भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठायचे तर दुसऱ्यावरून ओलांडून जावे लागणार. साठी उलटलेल्या दांपत्याच्या रात्री किती अखंड असतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. तेव्हा दोन्ही भिंतींलगत पंचवीस इंच रुंद आणि पंचाहत्तर इंच लांब अशा दोन खाटा आणि मध्ये बावीस इंचांची वाट, असे ठरले. चाकांच्या पेट्या आपोआप खाटांखाली गेल्या. पंधरा इंचांची चौकट आणि चार इंचांची गादी मिळून बैठक एकोणीस इंचांवर आली. गुडघ्यांना हीच उंची मानवते. बैठक जितकी खाली तितका उठताना गुडघ्यावर भार अधिक.

कोणाची खाट कोणती, यातही माझी फजिती झाली. मी तिला सहजच डावी खाट दिली होती. का, याचा विचार करताना ध्यानात आले की डोके मागे आणि पाय पुढे करून डाव्या खाटेवर निजले की मधली वाट उजव्या हाताला येते आणि रुग्णाला उजव्या बाजूने तपासण्याची आम्हां डॉक्टरांची जन्माची सवय माझ्या पेन्सिलीत उतरली होती! तिचा उजवा गुडघा अधिक दुखरा आहे. उठताना डावा पाय आधी जमिनीला लागावा, यासाठी तिला उजवी खाट हवी. आयुष्यभर जडलेले वळण बायकोच्या खाटेपर्यंत पोहोचते, हे मला नवीन होते.

परदेशी आराखडे पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून तेथील ट्रेलरांचे दार उजव्या कुशीत असते. तसेच्या तसे येथे बांधले तर माणूस दार उघडून थेट वाहत्या रस्त्यात पाऊल टाकील. आपल्याकडे सारा आराखडा आरशात पाहिल्यासारखा उलटा करावा लागतो.

आता वजन. या प्रकरणात माझे गुरू म्हणजे खानापूर भागातील एक वयस्क सुतार. त्यांना मी गच्ची दाखवली तेव्हा ओटा अजून मागच्या टोकालाच होता. साठ लिटर पाण्याची टाकी, गॅसचा लहान सिलिंडर, बॅटरी, भांडी आणि शिधा, सारे तिकडेच. त्यांनी खोक्यांभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडी उलाळ होईल की हो."

उलाळ! लहानपणी बैलगाडीच्या संदर्भात ऐकलेला हा शब्द मी विसरून गेलो होतो. मागे ओझे जास्त झाले की गाडीचे जू वर उचलले जाते, ती गाडी उलाळ. पुढे ओझे जास्त झाले की बैलांच्या मानेवर दाब येतो, ती धुरजड. कुशल गाडीवान पोती पुढे-मागे सरकवून गाडी किंचित धुरजड ठेवीत असे. मोटारीमागच्या ट्रेलरचे शास्त्र अगदी तेच सांगते. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर असावा. तो कमी पडला तर वेगात ट्रेलरचे मागचे टोक डाव्या-उजव्या बाजूंना हेलकावे घेऊ लागते आणि ते वाढत गेले तर मोटारीलाही ओढून नेते. चोर्ला घाटातील उतारावर तसे झाले तर काय होईल, याची कल्पना करावी.

रात्री मी हिशेब मांडला. ओट्याकडील सामान एकशे दहा किलो, आसापासून मागे चाळीस इंचांवर. हुक आसाच्या पुढे एकशे एकोणीस इंचांवर. म्हणजे एवढ्या सामानाने हुकावरचा भार सदतीस किलोंनी उचलला जातो. आमचा भरलेला ट्रेलर सहाशे किलोंचा धरला तर हुकावर साठ ते नव्वद किलो हवेत. त्यांतील सदतीस असे उडून गेल्यावर उरणार काय? सुतारांनी कागद न घेता जे सांगितले, तेच उत्तर मला कागद घेऊन मिळाले. दुसऱ्या दिवशी ओटा पुढे आला, खाटा मागे गेल्या आणि पाण्याची टाकी आसाच्या किंचित पुढे, उजव्या खाटेच्या पायथ्याखाली बसली. पाणी वापरले की वजन बदलते, म्हणून ते आसाजवळच हवे.

पुढच्या सत्तावन्न इंचांत मग उजवीकडे वीस इंच खोलीचा ओटा आला. त्याची उंची तेहतीस इंच, पत्नीच्या कोपरापासून मोजून. या ओट्याविषयी डॉक्टर म्हणून मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बंद खोलीत ज्योत जळणार असेल तर हवेचे मार्ग आराखड्यातच आखले पाहिजेत. मागाहून भोके पाडू, ही भाषा नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीवर साचतो, म्हणून एक जाळी जमिनीलगत. आणि उष्ण, दूषित हवा जाण्यासाठी दुसरी छपरात. दोन्ही बंद करता न येणाऱ्या. थंडीत ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन निजणे म्हणजे जिवाशी खेळ होय. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटरही येथे फसवते. विषारलेल्या रक्तालाही ते उत्तम आकडा देते. म्हणून आमच्या आराखड्यात शेगडी बाहेर काढून ठेवता येईल अशी सुटी आहे, झोपताना ती आत राहत नाही आणि या वायूची सूचना देणारे यंत्र खाटेच्या उशाशी आहे.

राहिला शौचालयाचा वाद. पुढच्या डाव्या कोपऱ्यात मला कपाट हवे होते. पुस्तके, दुर्बीण, पावसाळी कपडे असे काय काय मी त्यात मनाने भरूनही ठेवले होते. पत्नीने सांगितले की तेथे कमोड नसेल तर ती येणार नाही. मी रस्त्यावरील पेट्रोल पंपांचा आणि उपाहारगृहांचा दाखला दिला. तिने फक्त माझ्याकडे पाहिले. तेहतीस इंच बाय अठ्ठावीस इंचांच्या त्या कोपऱ्यात आता सुटे, उचलून रिकामे करता येणारे शौचपात्र आहे. ते मुळात ठेंगणे असते, म्हणून खाली लाकडी चौथरा देऊन अठरा इंचांवर आणले आणि भिंतीला भक्कम दांडा ठेवला. कपाट गेले. दुर्बीण खिळ्याला टांगायची.

कायद्याची बाजूही आधीच पाहावी. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचा समावेश आहे. तेव्हा आपल्या अंगणात जोडला म्हणून तो रस्त्यावर आणता येत नाही, त्याची नोंदणी लागते. आम्ही परिवहन कार्यालयात आधी चौकशी केली, चाकांसह सांगाडा जाणत्या कारखानदाराकडून घेतला आणि केवळ वरची खोली बांधण्याचे काम स्वतःकडे ठेवले. आणि ट्रेलर चालू असताना आत कोणीही बसायचे नाही, हा नियम नातवंडांना आताच सांगून ठेवला आहे.

पहिल्या वळवाने गच्चीवरील रेघा धुऊन गेल्या. सांगाडा सध्या उद्यमबागेतील एका शेडमध्ये उभा आहे. त्यावर चौकोनी नळ्यांची चौकट चढली असून भिंतींचे प्लायवूड यायचे आहे. मागच्या आठवड्यात सौभाग्यवती तेथे प्रथमच आली. सुटी पायरी चढली, दांडा धरून आत गेली, मध्ये ताठ उभी राहिली, मग उजव्या खाटेच्या जागी टाकलेल्या फळीवर बसली आणि नळ्यांच्या रिकाम्या चौकोनातून बाहेर पाहू लागली.

"खिडकी चार इंच खाली घ्या," ती म्हणाली. "बसल्यावर झाडे दिसतात, रस्ता दिसत नाही."

खिडकीची चौकट आदल्याच दिवशी जोडून झाली होती. ती कापायला घेतली.