दुसरे घर घेण्याआधी

घरात एकदम मोठी रक्कम येण्याचे प्रसंग आपल्याकडे मोजकेच असतात. अब्बा निवृत्त होतात आणि फंडाचे पैसे हाती येतात. आखातात पंधरा-वीस वर्षे काढलेला भाऊ कायमचा परततो. किंवा गावाकडची जमीन विकून वाटे होतात. पैसा आला की घरात एकच चर्चा सुरू होते, ठेवायचा कुठे? मुदत ठेवीवर व्याज मिळते, म्हणून मन मानत नाही. शेअर बाजार कळत नाही. सोने कपाटात पडून राहते. मग कुणीतरी म्हणते, "एखादी रूम घेऊन भाड्याने देऊ. घरबसल्या हलाल कमाई!"

विचार चांगला आहे. आपली वस्तू दुसऱ्याला वापरायला देऊन ठरलेला मोबदला घेणे, म्हणजे इजारा, शरियतमध्ये जायज आहे. मात्र त्यातला 'घरबसल्या' हा शब्द फसवा आहे. घरमालक होणे हा एक छोटा धंदाच आहे. त्यात हिशेब आहे, कागदपत्रे आहेत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्या कुटुंबाची जबाबदारी आहे. आयुष्याची पुंजी त्यात घालण्याआधी या तिन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

आधी वहीत हिशेब

समजा, २५ लाखांचे घर घेतले आणि महिन्याला ८ हजार भाडे आले. वर्षाचे ९६ हजार. ऐकायला बरे वाटते. आता खर्च मांडू. भाडेकरू बदलताना वर्षात एक महिना घर रिकामे राहिले, ८ हजार गेले. सोसायटीचा मेंटेनन्स महिना दीड हजार धरला तर वर्षाचे १८ हजार. घरपट्टी ४ हजार. रंग, नळ, गळती यांसाठी सरासरी ६ हजार. हातात उरले ६० हजार. म्हणजे २५ लाखांवर वर्षाला जेमतेम २.४ टक्के.

खरेदीच्या वेळचा खर्च यात धरलेलाच नाही. मुद्रांक शुल्क भरावे लागते. त्याशिवाय १ टक्का नोंदणी शुल्क लागते, जास्तीत जास्त ३० हजार. शिवाय वकील आणि दलाल आहेतच. सोसायटी घर भाड्याने दिल्याबद्दल वेगळे शुल्क लावू शकते, पण महाराष्ट्रात ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हेही माहीत असावे.

हे आकडे घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. प्रत्येक गावाचा भाव वेगळा आणि भाडेही वेगळे. आपण आपल्या मोहल्ल्यातले खरे आकडे घालून हाच हिशेब करावा. ज्या पैशावर मुलीचे शिक्षण, आजारपण किंवा हज अवलंबून आहे, तो पैसा विटांत अडकवू नये. घर विकायला निघाले की चार दिवसांत गिऱ्हाईक मिळत नाही.

पैसा कुठून आणायचा

बँकेचे कर्ज काढले तर भाड्यापेक्षा हप्ता मोठा होतो आणि व्याजाचा प्रश्न येतो तो वेगळाच. भारतात इस्लामी पद्धतीची बँक नाही. तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये स्पष्ट केले. राहायला छप्पर नसलेल्याची अडचण वेगळी. पण दुसरे घर ही गरज नाही, ती गुंतवणूक आहे. त्यासाठी व्याजाचे ओझे डोक्यावर घेण्याचे कारण नाही.

मग छोटी सुरुवात कशी करावी? राहत्या घरावर नगरपालिकेची परवानगी घेऊन एक स्वतंत्र खोली, स्वयंपाकाचा ओटा आणि संडास-बाथरूम बांधता येते. जमिनीचा खर्च वाचतो आणि देखरेखही समोरच होते. दुसरा मार्ग भागीदारीचा. दोन भाऊ किंवा भाऊ-बहीण मिळून एक घर घेऊ शकतात. मात्र कोणी किती रक्कम घातली, भाडे कोणत्या प्रमाणात वाटायचे, एकाला बाहेर पडायचे झाल्यास किंमत कशी ठरवायची, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. "आपल्यात कसला कागद?" असे म्हणून सुरू झालेल्या भागीदाऱ्या वाटणीच्या वेळी नाती तोडतात. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे, हे आपण विसरू नये.

स्वस्त घर महाग पडते

आपल्या अनेक वस्त्यांत घरांचे व्यवहार स्टॅम्प पेपरवर नोटरी करून होतात. नोटरीच्या सहीने मालकी मिळत नाही. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीचे खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेलेच असावे लागते. म्हणून बयाणा देण्याआधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. वकिलाकडून मागच्या ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेत असाल तर प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे का, ते तपासावे. आणखी एक गोष्ट आपण आवर्जून पाहिली पाहिजे. जमीन वक्फची तर नाही ना? वक्फ मालमत्ता विकत घेणे कायद्यालाही धरून नाही आणि दीनलाही.

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथे लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. बांधकाम चालू असलेली ती अनधिकृत इमारत होती, तरी त्यात कुटुंबे राहत होती. आपण अशा इमारतीत स्वस्तात घर घेतो तेव्हा पैसा तर धोक्यात घालतोच, पण भाडे घेऊन दुसऱ्याची मुलेबाळेही त्या स्लॅबखाली झोपवतो. अशा भाड्यात बरकत कुठून येणार?

करार नोंदवलाच पाहिजे

"अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही," हा समज घरोघरी आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने देण्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. ही जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते पूर्ण मुदतीच्या भाड्यावर, तसेच परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून येणाऱ्या रकमेवर मोजतात. वरच्या उदाहरणात ३० हजार डिपॉझिट धरले तर हे शुल्क दोन-तीनशे रुपयांच्या घरात येते. नोंदणी शुल्क शहरात १ हजार आणि ग्रामीण भागात ५००. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर ही नोंदणी आता घरूनही होते. मुदत संपूनही कोणी घर सोडले नाही तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि त्या काळासाठी दुप्पट भाडे मागता येते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देऊन पोच जपून ठेवावी. सोसायटीलाही लेखी कळवावे.

हेवी डिपॉझिटचा मोह

मुंबई, मुंब्रा, भिवंडी भागात एक पद्धत रूढ आहे. भाडेकरू चार-पाच लाख रुपये देतो, त्या बदल्यात महिन्याचे भाडे शून्य किंवा नावापुरते. घर सोडताना रक्कम परत. मालकाला एकरकमी पैसा मिळतो, भाडेकरूला भाडे वाचल्यासारखे वाटते, आणि दोघेही "व्याज कुठे आहे यात?" असे विचारतात.

विचार करून पाहू. ती रक्कम परत करायची आहे, म्हणजे ते कर्ज झाले. त्या कर्जाच्या बदल्यात फुकट राहायला मिळते, म्हणजे कर्जावर फायदा झाला. म्हणूनच बहुतेक उलेमा हा व्यवहार नाजायज मानतात. व्यवहारातही तो धोक्याचा आहे. मालक ती रक्कम लग्नात किंवा दुकानात घालतो आणि परत द्यायची वेळ आली की नव्या भाडेकरूकडून तेवढी रक्कम मिळेपर्यंत जुन्याला अडकवून ठेवतो. बाजारभावाने भाडे घ्यावे, डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतके ठेवावे आणि ते परत करण्याची तयारी पहिल्या दिवसापासून असावी.

नाव कोणाचे, जकात कशावर

महाराष्ट्रात घर केवळ महिलेच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. म्हणून अनेक घरांत खरेदीखतावर बायकोचे नाव असते आणि भाडे मात्र तिला विचारल्याशिवाय नवऱ्याच्या खिशात जाते. सवलतीपुरते नाव आणि मालकी आपली, हे चालणार नाही. घर तिला दिले असेल तर भाडेही तिचे. दिले नसेल तर तिचे नाव लावू नये. नाहीतर उद्या वारसा वाटताना मुले आणि आत्या समोरासमोर उभ्या राहतात. गावाकडची जमीन विकून घर घेत असाल तर आधी बहिणींचा हिस्सा त्यांच्या हातात द्यावा. त्यांच्या हिश्श्यातून आलेले भाडे आपल्यासाठी हलाल नाही.

जकातीबद्दल गोंधळ दिसतो. भाड्याने देण्यासाठी ठेवलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून शिल्लक राहिलेली रक्कम आपल्या इतर पैशात मिळवावी. एकूण निसाबाइतके होऊन चांद्र वर्ष पूर्ण झाले की त्यावर अडीच टक्के जकात आहे. घर विकून नफा कमावण्यासाठीच घेतले असेल तर मात्र त्याच्या चालू बाजारभावावर जकात द्यावी लागते. म्हणजे घेतानाच नियत स्पष्ट हवी. आयकरातही भाडे दाखवावे. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून जे उरते, त्यातले ३० टक्के दुरुस्ती वगैरेंसाठी सरसकट वजा होतात, त्यासाठी पावत्याही लागत नाहीत.

भाडेकरूही कुणाचे तरी कुटुंब आहे

शहरात घर शोधताना नाव सांगताच फोन बंद होणे, "आमच्या सोसायटीत चालत नाही" असे ऐकणे, हे आपल्यापैकी अनेकांनी सोसले आहे. चावी आपल्या हातात आल्यावर आपण काय करतो, ही खरी परीक्षा आहे. एकट्या विधवेला, परगावाहून शिकायला आलेल्या मुलींना, दुसऱ्या जमातीच्या किंवा दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाला आपणही तसेच परत पाठवतो का? घर सोडताना भिंतीवरच्या खिळ्यांचे निमित्त करून डिपॉझिट कापतो का? शाळेचे वर्ष अर्ध्यावर असताना भाडे वाढवून घर रिकामे करायला लावले तर मुलांची शाळा कशी सुटते, ते आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो. वर्गातले एक नाव हजेरीतून कमी होते, एवढेच.

म्हणून सुरुवात घर पाहण्यापासून करू नये. एक वही घ्यावी. पहिल्या पानावर आपल्या मोहल्ल्याचे भाव घालून वरचा हिशेब लिहावा. दुसऱ्यावर, हा पैसा कोणाकोणाचा आहे ते. तिसऱ्यावर पाहायच्या कागदपत्रांची यादी. घरातल्या बायकांसह सगळ्यांनी ती तीन पाने वाचून होकार दिला, तरच दलालाला फोन करावा. रक्कम छोटी असली तरी चालेल. व्यवहार स्वच्छ असेल तर त्यातच, इन्शाअल्लाह, बरकत आहे.