कळलावी : फूल देखणं, कंद विषारी

मी रायपूरहून बोलतोय. पावसाळ्यात इथल्या जंगलांत ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं दिसली, की मी ओळखतो : कळलावी. हिंदीत कलिहारी. प्रसूतीच्या कळा आणते, म्हणून आपल्याकडे हे नाव पडलं. पण आयुर्वेद हिला उपविषांत धरतो; शोधन केल्याशिवाय वापरत नाही. हिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. गाऊटसाठी डॉक्टर त्याची गोळी देतात, ती जेमतेम ०.५ मिलिग्रॅमची! कच्च्या कंदात किती आहे, हे डोळ्यांना कळत नाही. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, तोवर विष अंगात भिनलेलं असतं. फौजेत आम्हाला शस्त्राआधी सुरक्षेचे नियम शिकवत; जडीबुटीचंही तसंच. कोणी कंद खाल्लाच, तर त्रासाची वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा. जय हिंद!