मग तू काय करशील? गोष्ट खेळताना सूत्रधाराचं काम

जेवणं उरकली असतील, भांडी आवरली असतील, तर जरा निवांत बसा. आज हप्ता, व्याज, वही यांतलं काही सांगणार नाही. आमच्या प्रकाशाच्या गटांत बैठकीचा हिशेब संपला की एक खेळ रंगतो. तो कसा चालवायचा, हे बऱ्याच जणींनी विचारलं होतं. तेच आज सांगते.

या खेळाला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. एक बाई गोष्ट सांगते आणि बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारी म्हणते, "रात्र झालीय, टेम्पो बंद पडलाय, समोरून दोन माणसं बॅटरी घेऊन येतायत. तुम्ही काय करता?" मग एक म्हणते मी ओरडते, दुसरी म्हणते मी पैशांची पिशवी लपवते. त्यातून पुढची गोष्ट. काय होईल याची खरंच शंका असेल तिथे फासा टाकायचा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा असा खेळ बाजारात आला. आज जगभर लोक टेबलाभोवती बसून असले खेळ खेळतात. त्यांच्या त्या खेळात राक्षस, तलवारी, जादू आणि वीस बाजूंचा फासा असतो. गोष्ट चालवणाऱ्याला तिकडे गेम मास्टर म्हणतात, आम्ही सूत्रधार म्हणतो. आपल्याला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. भातुकलीत आपण हेच करायचो. तमाशाच्या वगातही कथा ठरलेली असली तरी बोलणी पात्रं उभ्या उभ्या रचत. इथे मात्र शेवट कुणालाच ठाऊक नसतो, सूत्रधारालासुद्धा.

हेच नव्या सूत्रधाराला जड जातं. ती घरून पूर्ण गोष्ट रचून येते आणि मग बायांना त्या गोष्टीच्या मागे ओढत राहते. तसं करू नका. तीनच गोष्टी ठरवून या: जागा कोणती, अडचण काय आणि कुणाला काय हवंय. आमची एक गोष्ट सांगते. जागा, दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा, घोडेबाजार भरलेला. अडचण, गटाने पापडांची टपरी लावली आणि संध्याकाळी गल्ल्याचा डबा गायब. कुणाला काय हवंय? जागामालकाला रात्रीच्या आत भाडं हवंय. चहावाल्याने डबा नेणाऱ्याला पाहिलंय, पण त्याला भांडणात पडायचं नाही. घोडी राखणाऱ्या पोराला घरी परत जायला पैसे हवेत. एवढंच लिहून ठेवलं होतं, तेही कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. डबा मिळेल की नाही, पोराचं काय होईल, ते खेळणाऱ्यांनी ठरवलं.

एक युक्ती लक्षात ठेवा. गोष्ट पुढे जायला जी खूण लागते, ती एकाच ठिकाणी ठेवू नका. चहावाल्याकडे ठेवलीत आणि बाया चहावाल्याकडे गेल्याच नाहीत, तर सगळं ठप्प. म्हणून तीच बातमी चहावाल्याकडेही असू द्या, तंबूमागच्या चिखलातल्या पावलांतही आणि एखाद्या बडबड्या आजीच्या तोंडीही.

आता पात्रं. एका गटात आपण दहा ते वीस जणी. एवढी पात्रं झाली तर कुणाची पाळीच येणार नाही. पात्रं चार-पाचच ठेवा, एकेका पात्रामागे दोघी-तिघी. त्या आपसांत कुजबुजतात आणि मग एक बोलते. प्रत्येक पात्राचं नाव, तिला चांगलं जमणारी एक गोष्ट आणि तिला वाटणारी एक भीती, बस. स्वतःचं पात्र स्वतः करायचं नाही. सासू-सून एकाच गटात असतील तर त्यांना एका पात्रामागे बसवू नका, सून तोंडच उघडणार नाही.

फासा लुडोचा चालतो. १ किंवा २ पडले तर बिघडलं. ३ किंवा ४ पडले तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. ५ किंवा ६ पडले तर फत्ते. पात्राला ते काम चांगलं जमत असेल तर दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. मग बिघडण्याची शक्यता तीनात एक असते, ती नवात एकवर येते. सापशिडीत फासाच सगळं ठरवतो. इथे आधी आपण ठरवायचं आणि मग फाशाला विचारायचं. चहा पिण्यासाठी फासा टाकू नका. आणि बिघडलं म्हणजे गोष्ट संपली असं कधी म्हणू नका. पोराला पकडायला गेलेली बाई घसरून पडली? ठीक. पडली ती नेमकी घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या पायाशी, आणि आता तो विचारतोय, तू कोण? बायांकडून "मंग काय व्हयनं?" असा आवाज आला की समजावं, खेळ लागला.

सूत्रधाराचं खरं काम विचारण्याचं. जी गप्प बसते तिला नुसतं "तूही बोल ना गं" म्हटलं की ती अजून आत जाते. तिला पात्राच्या नावाने हाक मारा: "पार्वती, तू तंबूच्या मागे उभी आहेस. आतून कसला आवाज येतोय?" आता तो आवाज कसला, हे तिनेच सांगायचं आणि ती सांगेल ते खरं. आमच्याकडे एक वहिनी सही करण्यापुरतीच बैठकीला यायची. खेळात ती घोड्यांची दलाल झाली आणि जागामालकाशी भाड्यावरून असं भांडली की मलाच, म्हणजे मी जागामालक होते ना, दोनदा माघार घ्यावी लागली.

आपल्या कामात एक सवय लागलेली असते, जिथे तिथे शिकवण घुसवायची. खेळाच्या मधेच "बघा, म्हणून पैसे बँकेत ठेवायचे" असं म्हटलंत की रंग गेला. बाया ते लगेच ओळखतात. शिकवण द्यायला प्रशिक्षण आहे की.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. गावातल्या खऱ्या माणसाची, खऱ्या घराची गोष्ट खेळात आणायची नाही, नाव बदलूनसुद्धा नाही. गाव लहान असतं, कुणाचं बोलणं चाललंय हे सगळ्यांना कळतं. तरीही कधी नकळत दुखऱ्या जागी बोट पडतंच. म्हणून आम्ही मध्ये एक बांगडी ठेवतो. जिला पुढे नको वाटेल तिने बांगडीला हात लावायचा, कारण सांगायचं नाही. त्या यात्रेच्या गोष्टीत जागामालकाचा भाऊ दारू पिऊन टपरीवर येतो आणि बायकोच्या नावाने ओरडतो, असं एकीने रचलं. बाकीच्या हसत होत्या. कोपऱ्यातल्या एका ताईने हात पुढे करून बांगडीला लावला. मी म्हटलं, "सकाळ झाली. यात्रेत भजनं सुरू झाली, टपरीवर पहिलं गिऱ्हाईक आलंय." तो भाऊ गोष्टीत पुन्हा आला नाही. कुणी काही विचारलं नाही, घरी जाताना वाटेतही नाही. हा नियम खेळ सुरू होण्याआधीच सगळ्यांना सांगा, आणि पहिल्यांदा सूत्रधाराने स्वतःच बांगडीला हात लावून दाखवा, म्हणजे पुढे कुणाला संकोच वाटत नाही.

वेळ पाऊण तास पुरे. त्याहून लांबलं तर कुणाची म्हैस ओरडते, कुणाचं पोर. गोष्ट अर्धी राहिली तरी चालेल, उलट अर्धीच सोडा. आमची मंडळी गेल्या महिन्यापासून त्या पोराच्या तंबूबाहेर उभी आहेत, आत डबा आहे की नाही ते अजून कुणी पाहिलेलं नाही. पुढची बैठक पाच तारखेला. नमस्कार.