मुळात चड्डीच

बॅलेरिनाच्या कमरेभोवती आडवा पसरलेला तो पांढरा घेर लांबून बघितला, तर आपल्या परकराचाच कुणी तोकडा परदेशी भाऊ वाटतो. लंडनमधल्या एका शिवणवर्गात आठवडाभर टूटू शिवायला बसले आणि पहिल्याच सकाळी हा समज गेला. शिकवणाऱ्या बाईंनी टेबलावर एक सुती चड्डी पसरली. तिच्यावर पेन्सिलीने मारलेल्या बारा आडव्या रेघा होत्या, एकमेकींपासून जेमतेम बोटभर अंतरावर. प्रत्येक रेघेवर जाळीची एक झालर शिवायची. म्हणजे हा घेर कमरेवरून खाली लोंबत नाही, तो चड्डीवरच उगवतो.

नावही तिथूनच आलेलं आहे. फ्रेंच पोरं ढुंगणाला लाडाने ‘कुकू’ म्हणतात, त्याचाच ‘टूटू’ झाला. 1881च्या सुमारास हा शब्द छापील फ्रेंचमध्ये दिसू लागतो. इतक्या सोवळ्या दिसणाऱ्या पोशाखाला असं नाव मिळावं, याचं मला फार बरं वाटलं.

मी आईच्या उषा मशीनवर परकर-पोलकी शिवत शिकले. धावदोरा घालायचा, दोरा ओढायचा, चुण्या सारख्या करायच्या. एवढं हातांना पाठ आहे. पण सुती कापड हाताचं ऐकतं, नायलॉनची जाळी ऐकत नाही. चुण्या दाबून धराव्यात आणि बोट उचललं की पुन्हा उभ्या. सर्वांत वरची झालर 38 सेंटिमीटर रुंद, सर्वांत खालची 5. मधल्या दहा उतरत्या मापाच्या. पाचव्या थरानंतर मशीनची सुई दिसेनाशी होते. शिवलेले थर एका हाताने मागे रेटायचे, दुसऱ्याने नवा थर रेघेवर धरायचा आणि टीप मारायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या कोपरापर्यंत ओरखडे होते, मांजर पाळल्यासारखे.

पाय दिसावेत म्हणून एवढा खटाटोप करावा, हे बॅलेला फार उशिरा सुचलं. 1653 साली चौदा वर्षांचा राजा लुई चौदावा सूर्य बनून नाचला, तेव्हा पोशाखाचं काम राजा मोठा दिसावा एवढंच होतं. 1681पासून पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तकी दिसू लागल्या, त्या जमिनीला टेकणारे जड झगे घालून. पुढच्या शतकात मारी कामार्गोने झगा घोट्याच्या वर घेतला, कारण उडी मारून हवेत पाय एकमेकांवरून झरझर फिरवण्यात तिचा हातखंडा होता आणि ते लोकांना दिसायला हवं होतं. त्यानंतर नर्तकींना आत चड्डी घालणं भाग पडलं, असं जुने लेखक सांगतात. ते खरं असेल, तर टूटूचा पाया तिथेच घातला गेला.

12 मार्च 1832 रोजी पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ या बॅलेत परी झालेली मारी तालिओनी पांढऱ्या, घंटेसारख्या झुळझुळीत घेरात पायाच्या बोटांच्या टोकांवर उभी राहिली. पोटरीपर्यंतचा तो घेर पुढे ‘रोमँटिक टूटू’ म्हणून ओळखला गेला. सगळं श्रेय तालिओनीला देतात, पण इंग्लंडच्या एका यंत्रकाराचाही त्या हवेशीर कापडांच्या युगात वाटा आहे. जॉन हीथकोटने 1809मध्ये लेससारखी जाळी यंत्रावर विणायचं पेटंट घेतलं. तोवर हातांनी विणलेली जाळी श्रीमंतांनाच परवडायची. यंत्रांवर चिडलेल्या लोकांनी 1816मध्ये त्याचा लफबरोचा कारखाना फोडला, तेव्हा तो बिऱ्हाड उचलून डेव्हनमध्ये टिव्हर्टनला गेला. मच्छरदाणी आणि परी, दोघींचं माहेर एकच.

ही हलकी कापडं आणि रंगमंचावरचे गॅसचे दिवे एकाच काळातले, हे दुर्दैव. 15 नोव्हेंबर 1862. तालिओनीची शिष्या एमा लिव्री तालमीत आपल्या प्रवेशाची वाट बघत होती. घेर सारखा करायला तिने तो उचलला आणि उघड्या ज्योतीवर त्याने पेट घेतला. ती वीस वर्षांची होती. आठ महिने यातना सोसून 1863च्या जुलैमध्ये गेली. कापड पेटू नये म्हणून ते एका द्रावणात बुडवून काढायची पद्धत तेव्हा होती. पण त्याने जाळी कडक आणि मळकट दिसते म्हणून एमाने ती नाकारली होती. तिच्या पोशाखाच्या जळक्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात अजून जपून ठेवल्या आहेत. वर्गात बाईंनी त्यांचं छायाचित्र दाखवलं तेव्हा सगळी मशीनं थांबली. तिला अविचारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कापड अंगावर कसं पडतं यावर जिचं सगळं काम उभं आहे, ती त्याचा पोत सहजी बिघडवू देणार नाही.

एकोणिसावं शतक संपताना कात्री पुन्हा चालली. 1885मध्ये इटलीची विर्जिनिया झुक्की सेंट पीटर्सबर्गला आली आणि तिथल्या रिवाजापेक्षा आखूड घेर घालून नाचली. 1893मध्ये पिएरीना लेन्यानीने तिथेच एका पायावर बत्तीस गिरक्या घेतल्या. अशा नाचात गुडघा, मांडी, सगळंच दिसायला हवं. घेर वर चढत गेला, आडवा होत गेला. कापडाला कडकपणा आणायला खळच होती. पावसाळ्यात खळीच्या साडीचं काय होतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना घामाने आणि ओलाव्याने त्या घेराची काय गत होत असेल हे सांगायला नको. पुढे नायलॉन आलं आणि खळ सुटली. घेर अगदी थाळीसारखा सपाट हवा असेल, तर मधल्या एका थरात पोलादी तारेचं कडं ओवतात.

तिसऱ्या दिवशी थर एकमेकांना सैल टाक्यांनी जोडायचे होते. मी टाके सवयीने घट्ट ओढले. परकर घट्टच शिवावा, ही आईची शिकवण. तासाभराने बघते तर माझा घेर वाऱ्यात उलटलेल्या छत्रीसारखा वर वळलेला! बाई काही बोलल्या नाहीत. छोटी कात्री घेऊन माझे सगळे टाके कापले. मग दोन थरांमध्ये आपलं बोट घालून त्यावरून दोरा घेतला, गाठ मारली आणि बोट काढून घेतलं. तेवढी ढील हवी. नर्तकी उडी मारून खाली येते तेव्हा थरांनी तिच्यामागून हलकेच खाली यायचं असतं. टाके घट्ट असले तर अख्खा घेर एकदम आपटतो.

तारेच्या कड्याला कंटाळलेली एक बाई मला विशेष आवडते. खारकीव्हमध्ये जन्मलेली, न्यूयॉर्कमध्ये नाव काढलेली बार्बरा कारिन्स्का. नृत्यरचनाकार बॅलन्शीनच्या ‘सिंफनी इन सी’ या बॅलेच्या शेवटी पन्नासच्या आसपास नर्तक-नर्तकी रंगमंचावर असतात. त्या गर्दीत कड्याचे घेर एकमेकांवर आपटून डुलायला लागणार. 1950मध्ये कारिन्स्काने कडंच काढून टाकलं, थर कमी केले, आखूड केले आणि सैल टाक्यांवर सोडले. पावडरच्या फुलासारखा तो मऊ घेर आता बॅलेत सगळीकडे दिसतो. चोळीच्या बाजूचे तुकडे ती उरेब कापायची, म्हणजे धाप लागली की कापड बरगड्यांबरोबर ताणलं जातं. उरेब कापात कापड जास्त लागतं म्हणून आपल्याकडचे शिंपी कुरकुरतात. इथे ती उधळपट्टी नाही, श्वासाची सोय आहे.

शेवटच्या दिवशी बाईंनी एक जुनी, वापरलेली चोळी आणली. पाठीवर हुक अडकवायच्या फाशांच्या तीन रांगा होत्या, जाड-बारीक कुणालाही बसावी म्हणून. आतल्या पट्टीवर शाईने एकाखाली एक चार नावं, पहिली तीन खोडलेली. असली चोळी सारखी धुता येत नाही, म्हणून खेळ संपल्यावर आतून व्होडका फवारतात. वास जातो, डाग पडत नाही. हे ऐकून मी चोळी नाकाशी नेली. नुसता जुन्या कापडाचा वास.

माझा टूटू रात्रभर उलटा टांगून ठेवला होता, थरांनी मान टाकू नये म्हणून. तो घरी न्यायला पिशवी कुठली? तसाच हातात धरून बसमध्ये चढले आणि शेजारच्या सीटवर ठेवला. पुढच्या थांब्यावर एक आजी चढल्या, त्याच्याकडे बघितलं आणि उभ्याच राहिल्या. मी घाईने तो उचलून मांडीवर घेतला. मग उतरेपर्यंत मला बाहेरचं काहीच दिसलं नाही.