आवळ्यातल्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब

हिवाळा लागला की भिलाईच्या खुर्सीपारसारख्या वस्तीत आवळ्याला भाव येतो. मोरावळा घालायचा, रस काढून बाटल्या भरायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला क जीवनसत्त्वाचं माहात्म्य सांगायचं! त्या बाटलीत ते उरलंय किती, हे मात्र कुणी विचारत नाही. उष्णता, हवा आणि तांब्याचा किंचित अंश एवढंही त्याची वाट लावायला पुरतं.

मोजायची जुनी रीत अनुमापनाची. ब्युरेटमधून डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल हे निळं रंगद्रव्य थेंब थेंब सोडायचं. क जीवनसत्त्व त्याचा रंग घालवतं आणि ते संपलं की फिकट गुलाबी छटा टिकते. लिंबाच्या रसाला हे ठीक. पण कोकमाच्या किंवा जांभळाच्या रसात ती छटा दिसणार कशी? शिवाय टिकवण्यासाठी घातलेलं सल्फाइट आणि फेरस लोहही तोच रंग उडवतात.

मग थेट इलेक्ट्रॉनच मोजले तर? क जीवनसत्त्वाचा एक रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो आणि डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल होतो. एक मायक्रोअँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला, तर त्यामागे जेमतेम 0.9 नॅनोग्रॅम जीवनसत्त्व खर्ची पडलेलं असतं. रंग ओळखण्याचा प्रश्नच उरत नाही.

घोडं अडतं ते कार्बनच्या इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर. सात पीएचला ही क्रिया कागदोपत्री 0.06 व्होल्टच्या आसपास व्हायला हवी. प्रत्यक्षात साध्या इलेक्ट्रोडवर काही दशांश व्होल्ट जास्तीचे मोजावे लागतात. तेवढ्या दाबाखाली शरीरातल्या नमुन्यांतलं युरिक आम्ल आणि डोपामिनही इलेक्ट्रॉन सोडू लागतात आणि सगळ्यांचे आलेख एकमेकांत मिसळतात. त्यात क्रियेतून तयार झालेले पदार्थ पृष्ठभागाला चिकटून बसतात, म्हणून दुसरं मोजमाप पहिल्याहून कमी येतं.

यावरचा तोडगा म्हणजे इलेक्ट्रोडचा पृष्ठभागच बदलणं. 1973 मध्ये लेन आणि हबर्ड यांनी प्लॅटिनमवर हवे ते रेणू अधिशोषित करून दाखवले. 1975 मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात रॉयस मरे यांच्या गटाने ते रासायनिक बंधाने पक्के जोडले. साधी आणि स्वस्त वाट मात्र त्याआधीच सापडली होती. कॅन्सस विद्यापीठात राल्फ अ‍ॅडम्स यांना पाऱ्यासारखा थेंबाथेंबाने पडणारा कार्बनचा इलेक्ट्रोड हवा होता. तो काही जमला नाही. हाती आली ती कार्बनची लगदी, 1958 साली.

ही लगदी करायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. ग्रॅफाइटची पूड आणि पॅराफिन तेल साधारण 70 ला 30 या प्रमाणात खलात घोटायचं, काचेच्या नळीत ठासायचं, मागून तांब्याची तार खुपसायची आणि पुढचं टोक गुळगुळीत कागदावर घासून चकचकीत करायचं. घोटतानाच त्यात फेरोसीन हे लोहाचं संयुग मिसळलं की इलेक्ट्रोड सुधारित झाला. पृष्ठभाग खराब झाला तर थोडी लगदी बाहेर ढकलायची आणि पुन्हा घासायची.

फेरोसीनमधलं लोह इथे दलालाचं काम करतं. इलेक्ट्रोड त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो, ते क जीवनसत्त्वाकडून तो भरून घेतं आणि पुन्हा इलेक्ट्रोडपुढे हजर होतं. आलेखात हे स्पष्ट दिसतं. नुसत्या फेरोसीनला व्होल्टेज वाढवत जाताना प्रवाहाचा एक उंचवटा येतो आणि परतताना दुसरा. क जीवनसत्त्व टाकलं की पहिला फुगतो आणि परतीचा जवळपास नाहीसा होतो, कारण परत फिरायला ऑक्सिडीभूत फेरोसीन शिल्लकच राहत नाही. भिलाईच्या झोतभट्ट्या दल्ली-राजहराच्या खनिजातल्या लोहाला इलेक्ट्रॉन देऊन धातू बनवतात, तेही टनांनी. इथे मायक्रोग्रॅमभर लोह इलेक्ट्रॉनांची नुसती ने-आण करतं.

महाराष्ट्रातही या विषयावर काम झालं आहे. मुंबई विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले बंकिम संघवी आणि अश्विनी कुमार श्रीवास्तव यांनी 2010 मध्ये कार्बन नॅनोनलिकांच्या सुधारित लगदीवर पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन आणि कॅफीन एकाच वेळी मोजून दाखवलं. मिश्रणातले घटक वेगळे ओळखणं हीच खरी परीक्षा. किती सूक्ष्म मात्रा सापडली याचे आकडे शोधनिबंधांत मोठ्या दिमाखात छापले जातात; पण आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं, तिथे त्या सूक्ष्मतेची गरज कुणाला? तोच इलेक्ट्रोड महिनाभराने तेच उत्तर देतो का, हे आधी विचारायला हवं.

एक उणीव मात्र राहतेच. डीहायड्रोअ‍ॅस्कॉर्बिक आम्ल या इलेक्ट्रोडला दिसत नाही, कारण त्याने इलेक्ट्रॉन आधीच सोडलेले असतात. शरीर मात्र त्याचं पुन्हा क जीवनसत्त्व करून घेतं. एकूण साठा हवा असेल तर नमुन्यात आधी क्षपणक घालून ते मूळ रूपात आणावं लागतं.

याच फेरोसीनवर 1980च्या दशकात घरगुती ग्लुकोमीटर उभा राहिला आणि तिथे क जीवनसत्त्व आगंतुक ठरलं. शिरेवाटे त्याची मोठी मात्रा घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात ते पट्टीवर आपले इलेक्ट्रॉनही ओततं आणि काही यंत्रं साखर आहे त्याहून जास्त दाखवतात. तो आकडा पाहून इन्शुलिन दिलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, म्हणून अशा रुग्णाचं रक्त प्रयोगशाळेत वेगळ्या पद्धतीने तपासावं लागतं.