१०२४ बाइटांचं मैदान

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा; पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. काउंटरवर चिठ्ठी ठेवावी: एक प्रो मायक्रो बोर्ड, एक ०.९६ इंची ओएलईडी पडदा, सहा पुश बटणं, एक पिझो बझर, एक चार्जिंग मॉड्यूल, एक छोटा लिथियम सेल, झिरो पीसीबी आणि थोडी वायर. सगळं सामान ओंजळीत मावतं. एक मोकळा रविवार आणि सोल्डरिंगचा बरा हात असला, की त्यातून खिशात ठेवायचं खेळयंत्र उभं राहतं. मी अशी दोन यंत्रं बांधली. आतला एकही कोपरा आपल्याला अनोळखी नाही, असं यंत्र हातात धरण्याचं समाधान मला दुसऱ्या कुठल्याच वस्तूने दिलेलं नाही.

या घडणीचा मूळपुरुष जपानी आहे. गुनपेई योकोई १९६५ साली निन्टेंडोत लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. पुढे १९८० मध्ये त्यांनी ‘गेम अँड वॉच’ केला आणि १९८९ मध्ये ‘गेम बॉय’. मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा, हे त्यांचं सूत्र. गेम बॉयच्या पडद्यावर रंग नव्हते. १६० गुणिले १४४ ठिपके आणि चार छटा, बस. अटारी आणि सेगाची रंगीत यंत्रं बाजारात आली, पण ती सेल भराभर खात. योकोईंचं यंत्र चार पेन्सिल सेलवर कितीतरी जास्त तास चाले. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांवर यंत्रं विकली गेली.

घरी बांधणाऱ्यांसाठी ही वाट पुन्हा मोकळी केली ती केव्हिन बेट्स या अमेरिकन माणसाने. २०१४ मध्ये त्याने टेट्रिस खेळता येईल असं व्हिजिटिंग कार्ड बनवलं. पुढच्याच वर्षी लोकवर्गणीतून त्याचं ‘आर्डुबॉय’ हे खिशातलं खेळयंत्र झालं. त्याच्या प्रोग्रामचा पाया सगळ्यांना खुला आहे. म्हणून तीच चिप आणि तसाच पडदा घरी जोडला, कुठलं बटण कुठल्या पिनला हे नीट जुळवलं, की त्यावरचे खेळ आपल्याही यंत्रावर चालतात.

प्रो मायक्रो बोर्डवरची ही चिप म्हणजे एटीमेगा३२यू४. तिची चालू स्मृती २५६० बाइट. पडद्यावर १२८ गुणिले ६४, म्हणजे ८१९२ ठिपके. ठिपका एकतर पेटलेला, नाहीतर विझलेला, म्हणून एका बाइटात आठ ठिपके बसतात आणि पूर्ण चित्राला १०२४ बाइट लागतात. उरलेल्या दीड हजारात चेंडू, शत्रू, गुण आणि प्रोग्रामचं स्वतःचं कामकाज सगळं बसवायचं. दोन खोल्यांच्या घरात लग्नाचे पाहुणे उतरवावेत तसं हे काम आहे. प्रत्येक बाइट कुठे झोपणार, हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवता ठरवताच संगणक म्हणजे काय ते कळत जातं.

पहिल्या यंत्राला मी चार पिनांचा पडदा लावला. त्याला चित्र दोनच तारांवरून जातं. एक चित्र पोचायला साधारण २५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला फार तर ४० चित्रं. सात पिनांच्या पडद्याला तेच चित्र एक-दोन मिलिसेकंदांत पोचतं. दोन-तीन तारा जास्त जोडाव्या लागतात, पण चेंडू पाण्यासारखा सरकतो. आणखी एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. हुबेहूब दिसणाऱ्या दोन पडद्यांवर व्हीसीसी (वीजपुरवठा) आणि ग्राउंड यांची जागा उलटसुलट असू शकते. पिनांजवळची बारीक अक्षरं न वाचता मी वायर जोडली आणि पडदा कायमचा काळा झाला. आता भिंग घेऊन वाचल्याशिवाय मी सोल्डरिंग आयर्न तापवत नाही.

बटणाचं काम सोपं: एक पाय चिपच्या पिनला, दुसरा ग्राउंडला. पण बटण एकदा दाबलं तरी आतली पत्री काही मिलिसेकंद थरथरते आणि चिपला ते चार-पाच वेळा दाबल्यासारखं वाटतं. उडी एकदा मारायची तर खेळाडू दोनदा उडतो. म्हणून प्रोग्रामने क्षणभर थांबून पुन्हा खात्री करायची.

सेलच्या बाबतीत मात्र घाई नकोच. टीपी४०५६ हे निळं चार्जिंग मॉड्यूल बहुधा १.२ किलोओहमचा रेझिस्टर लावून येतं आणि त्यामुळे एक अँपिअरने चार्ज करतं. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला हा करंट दुप्पट होतो. सेल तापतो, फुगतो. तो रेझिस्टर काढून ५ किलोओहमचा लावला, की करंट २५० मिलिअँपिअरच्या आसपास येतो. तांदळाच्या दाण्याहून लहान असा तो तुकडा बदलायला दहा मिनिटं लागतात. ती द्यावीतच.

दुसरं यंत्र मी भाचीला दिलं. चेंडू आणि बॅटचा साधा खेळ होता. थोडा वेळ खेळून ती म्हणाली, “मामा, चेंडू जरा हळू कर ना.” मी यूएसबी केबल लावली आणि लॅपटॉपवर वेगाची ओळ दाखवली. तिथे २ होतं. तिने खोडून १ केलं. काही सेकंदांत प्रोग्राम चढला, पडदा उजळला आणि चेंडू तिच्या चालीने चालू लागला. तिने दोन डाव खेळून पाहिले. मग यंत्र बाजूला ठेवून ती लॅपटॉपपाशी सरकली आणि विचारलं, “बॅट कुठे लिहिलीय?”