फेकोइमल्सिफिकेशन

फेकोइमल्सिफिकेशन (बोलीभाषेत 'फेको') ही मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियेची एक पद्धत आहे. तीत डोळ्यातील गढूळ झालेले नैसर्गिक भिंग श्राव्यातीत ध्वनीच्या ऊर्जेने फोडून शोषून घेतले जाते व त्या जागी कृत्रिम भिंग बसवले जाते. या शस्त्रक्रियेस 'लेसरचे ऑपरेशन' म्हणण्याचा प्रघात आहे, पण तो चुकीचा आहे. फेकोच्या यंत्रात लेसर किरण वापरले जात नाहीत. फेम्टोसेकंद लेसरने काही टप्पे पार पाडण्याची पद्धत निराळी असून, तीतही भिंगाचे तुकडे काढण्यासाठी बहुधा श्राव्यातीत ध्वनीची मदत घ्यावीच लागते.

इतिहास

अमेरिकन नेत्रशल्यविशारद चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली ही पद्धत प्रचारात आणली. दंतवैद्याकडे दात स्वच्छ करण्यासाठी वापरले जाणारे श्राव्यातीत ध्वनीचे उपकरण पाहून त्यांना ही कल्पना सुचली. तोपर्यंत संपूर्ण भिंग बाहेर काढण्यासाठी डोळ्याला सुमारे १० ते १२ मिलिमीटर लांबीचा छेद द्यावा लागे आणि टाके घालावे लागत. फेकोमध्ये २ ते ३ मिलिमीटरचा छेद पुरतो व तो सहसा टाक्यांविना भरून येतो. तरीही आरंभीच्या काळात अनेक नेत्रतज्ज्ञांनी या पद्धतीला विरोध केला. पारपटलाला होणारी इजा हे त्याचे एक प्रमुख कारण होते.

कार्यपद्धती

हातात धरावयाच्या उपकरणातील दाबविद्युत स्फटिकांमुळे टायटॅनियमची पोकळ सुई सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा कंप पावते. मानवी कानाला २०,००० पर्यंतचीच कंपने ऐकू येतात. सुईच्या आघाताने भिंगाचा कठीण गाभा फुटतो आणि त्याचे कण सुईच्या पोकळीतून शोषले जातात. त्याच वेळी क्षारयुक्त द्रव डोळ्यात सतत सोडला जातो. या द्रवामुळे डोळ्याचा आकार टिकतो व सुई थंड राहते.

पारपटलावरील परिणाम

हे सर्व कार्य पारपटलाच्या आतील पृष्ठभागापासून काही मिलिमीटर अंतरावर चालते. पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याच्या सर्वांत आतील बाजूस अंतःस्तर पेशींचा एकच थर असतो. पारपटलात झिरपणारे पाणी या पेशी अखंड उपसून बाहेर टाकतात, म्हणूनच ते पारदर्शक राहते. तरुण वयात एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा सुमारे ३,००० पेशी असतात. वयानुसार त्या हळूहळू घटतात. माणसात या पेशींची भरपाई नव्या पेशींनी होत नाही. एखादी पेशी नष्ट झाली, की शेजारच्या पेशी पसरून रिकामी जागा झाकतात, एवढेच. संख्या ५०० च्या आसपास वा त्याखाली गेल्यास उपसा अपुरा पडतो, पारपटल सुजते आणि दृष्टी धूसर होते.

फेकोमध्ये या पेशींना अनेक प्रकारे इजा पोहोचू शकते. कंपनांमुळे उष्णता निर्माण होते. छेदाच्या जागी ती वाढल्यास पारपटल भाजते. द्रवात सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होऊन फुटतात व मुक्त मूलके तयार होतात. प्रवाहात भिरभिरणारे भिंगाचे तुकडेही अंतःस्तरावर आदळतात.

त्यामुळे कमीत कमी ऊर्जेत काम उरकण्याकडे या तंत्राचा सारा विकास झुकलेला दिसतो. ध्वनी सलग न सोडता तुटक स्पंदनांत सोडला जातो. सुई मागेपुढे हलवण्याऐवजी आडवी डोलवल्यास तुकडे दूर ढकलले जात नाहीत. गाभा आधीच आकड्यासारख्या उपकरणाने चिरून घेतल्यास ध्वनीची गरजच कमी होते. सोडियम हायलुरोनेटसारखा दाट, लवचीक पदार्थ पारपटलाच्या आतून पसरवणे हे तर अंतःस्तराचे मुख्य कवच होय.

शस्त्रक्रियेची वेळ

'मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा' हा सल्ला आजही घरोघरी ऐकू येतो. गाभा अखंड बाहेर काढला जात असे, त्या काळातला तो आहे. फेकोच्या दृष्टीने मात्र तो घातक ठरू शकतो, कारण पिकलेला गाभा जितका टणक, तितकी ऊर्जा अधिक लागते आणि पेशींची हानीही वाढते. अतिशय कठीण मोतीबिंदूत शल्यविशारद पुष्कळदा ध्वनीऐवजी हाताने, लहान छेदातून गाभा काढणे पसंत करतात. ही पद्धत भारतात विशेष रूढ आहे. फुक्सचा पारपटलविकार असलेल्यांत मूळच्याच पेशी कमी असल्याने, स्पेक्युलर सूक्ष्मदर्शकाने त्यांची मोजणी आधी करून घेतली जाते.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस पारपटलास येणारी सूज बहुतेक रुग्णांत आपोआप किंवा थेंबांच्या औषधाने ओसरते. ती कायम राहिल्यास आता संपूर्ण पारपटल न बदलता नेत्रदात्याच्या पारपटलातील केवळ अंतःस्तराचे रोपण करता येते.